रॅम दुप्पट करूनही दुपारी सर्व्हर का अडतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मुख्य कार्यालयातील एका सर्व्हरवर बावीस जण रिमोट डेस्कटॉपने (म्हणजे आपल्या संगणकावर सर्व्हरचाच पडदा उघडून) काम करतात आणि त्यांपैकी तेरा जण कराड, कोल्हापूर व सोलापूरच्या शाखांतून जोडले जातात. विंडोज सर्व्हर २०१९, आठ कोअरचा प्रोसेसर, एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन हार्ड डिस्क, आणि बिलिंग-हिशेबाचे सॉफ्टवेअर व त्याचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस हे दोन्ही त्याच यंत्रावर. रविवारी सगळे सुरळीत चालते. कामाच्या दिवशी मात्र साडेअकरा ते दीड या वेळात, आणि त्यातही महिन्याच्या १०-११ व १९-२० तारखांना, काउंटरवर गिऱ्हाईक उभे असते आणि बिल निघत नाही. विक्रेत्याच्या सांगण्यावरून आपण रॅम ३२ जीबीवरून ६४ जीबी केली, तरी फरक पडला नाही. आता नवा सर्व्हर घ्यावा की क्लाउडवर जावे, असे आपण विचारता.

गेली सोळा वर्षे मी व्यापारी पेढ्यांचे आणि सीए मंडळींच्या कार्यालयांचे असेच सर्व्हर सांभाळत आलो आहे, आणि हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. माझ्या मते आपल्यापुढचा खरा प्रश्न नव्या यंत्राचा नाही. ‘सर्व्हर स्लो आहे’ या एका तक्रारीत तीन-चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचे औषध निराळे असते. आपल्याकडे त्यांतले कोणते आहे हे दुरून खात्रीने सांगता येणार नाही, कारण ते आपले सॉफ्टवेअर कसे लिहिले आहे, डेटाबेसची आवृत्ती कोणती आहे आणि शाखांची इंटरनेट जोडणी कशी आहे यावर अवलंबून आहे. पण वेळ कुठे जातो आहे हे एका दिवसात शोधता येते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

सुरुवात मी नेहमी मोबाइलमधल्या स्टॉपवॉचने करतो. नवे बिल उघडणे, पार्टीचे नाव शोधणे, बिल सेव्ह करणे आणि एखाद्या पार्टीची येणे बाकी काढणे ही चार कामे निवडावीत. ती सकाळी आठ वाजता, कोणी आलेले नसताना, प्रत्यक्ष सर्व्हरसमोर बसून करावीत व लागलेले सेकंद कागदावर लिहावेत. तीच चार कामे दुपारी बारा वाजता पुन्हा सर्व्हरवर बसून, आणि लगेच एखाद्या शाखेतून करून पाहावीत. सकाळी एकट्यालाही बिल उघडायला आठ सेकंद लागत असतील तर गर्दीला दोष देण्यात अर्थ नाही, दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा मांडणीत आहे. सर्व्हरवर दुपारीही काम झटपट होत असेल आणि शाखेतच अडत असेल तर जोडणीकडे पाहावे. सकाळी दोन सेकंद आणि दुपारी वीस सेकंद असे आकडे आले, तरच सर्व्हरची क्षमता कुठेतरी कमी पडते आहे असे म्हणता येईल, आणि ती कुठे हे शोधण्याला अर्थ येईल.

यासोबत आणखी एक निरीक्षण करावे. टाइप केलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटते, की अक्षरे लगेच उमटतात पण पुढची खिडकी उघडायला वेळ लागतो? वापरकर्ते दोन्हीला ‘हँग होते’ असेच म्हणतात. अक्षरच उशिरा उमटत असेल तर दोष बहुधा जोडणीचा किंवा प्रोसेसरचा असतो. अक्षरे सुरळीत आणि खिडक्या अडखळत असतील तर डिस्क, डेटाबेस, प्रिंटर किंवा अँटिव्हायरस यांच्यापैकी कोणीतरी अडवते आहे. विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये यासाठी ‘यूजर इनपुट डिले पर सेशन’ नावाचा एक उत्तम काउंटर, म्हणजे मोजमापाचा आकडा, परफॉर्मन्स मॉनिटर या विंडोजमधल्याच साधनात आहे. कळ दाबल्याची सूचना सर्व्हरवर आल्यापासून सॉफ्टवेअर ती उचलेपर्यंत किती मिलिसेकंद गेले हे तो दाखवतो. त्यात इंटरनेटचा वेळ धरलेला नसतो, त्यामुळे ‘नेट खराब आहे’ आणि ‘सर्व्हर खराब आहे’ हा नेहमीचा वाद तिथेच मिटतो. या आवृत्तीत हा काउंटर मुळातच उपलब्ध असतो, त्यासाठी वेगळे काही सुरू करावे लागत नाही. 

आता रॅमविषयी. आपल्या डेटाबेसची आवृत्ती आपण लिहिलेली नाही, पण लहान पेढ्यांना सॉफ्टवेअरसोबत बहुधा एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती बसवून दिली जाते. २०१९ आणि २०२२ या दोन्ही आवृत्त्यांत एक्स्प्रेस आपला डेटा मेमरीत धरून ठेवण्यासाठी १४१० एमबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही, चारपेक्षा जास्त कोअर वापरत नाही आणि एक डेटाबेस १० जीबीच्या पुढे वाढू देत नाही. यंत्रात ६४ जीबी घाला की १२८ घाला, तिच्या वाट्याला तेवढेच येते. डेटाबेस सहा-सात जीबीचा झालेला असेल तर त्यातला बराचसा भाग प्रत्येक वेळी डिस्कवरून वाचावा लागतो आणि नवी रॅम मोकळी बसून राहते. आपल्या बाबतीत हेच घडले असावे असा माझा दाट संशय आहे. आवृत्ती पाहायला दोन मिनिटे लागतात, तेवढे आजच करावे. डेटाबेसची फाइल किती जीबीची झाली आहे तेही पाहावे, कारण दहाची मर्यादा गाठली की सॉफ्टवेअर मंदावत नाही, नव्या नोंदी घेणेच थांबवते, आणि तो दिवस नेमका मार्चअखेरचा असण्याची शक्यता अधिक.

उलट आपल्याकडे स्टँडर्ड आवृत्ती असेल तर दुखणे बरोबर विरुद्ध असते. तिला मेमरीची कमाल मर्यादा घालून दिली नाही तर ती हळूहळू सगळी रॅम आपल्याकडे ओढते, आणि बावीस जणांच्या सेशनना, म्हणजे सर्व्हरवरील प्रत्येकाच्या चालू कामाला, उरलेल्या तुकड्यात दिवस काढावे लागतात. ६४ जीबीच्या यंत्रावर बावीस वापरकर्ते असताना मी डेटाबेसला साधारण २४ जीबीची मर्यादा घालून सुरुवात करतो आणि मोकळी मेमरी पाहत ती कमी-जास्त करतो.

रॅमनंतर डिस्क. आपल्याकडील माहितीवरून मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची एक फेरी व्हायला ८.३३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचनशिर हलण्याचा वेळ धरला की इथले एक पान, तिथले एक पान अशी विखुरलेली वाचने सेकंदाला जेमतेम ऐंशी ते शंभर होतात. दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवत असतील तर वाचन दोघींत वाटले जाते, पण लिहिताना दोघींनाही लिहावेच लागते. या एवढ्या क्षमतेवर विंडोज, डेटाबेस, बावीस जणांची प्रोफाइले, त्यांच्या ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइली आणि अँटिव्हायरस असे सगळे बसलेले आहेत. साधी सॅटा एसएसडीसुद्धा अशी वाचने सेकंदाला हजारोंनी करते. विंडोज सर्व्हर २०१९ च्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख मुळात दिसतच नाही, त्यामुळे लोक सीपीयू आणि रॅम पाहून ‘सर्व्हर तर रिकामा आहे’ असे म्हणतात. परफॉर्मन्स मॉनिटर उघडून ‘अॅव्हरेज डिस्क सेकंद पर रीड’ आणि ‘पर राइट’ हे दोन काउंटर लावावेत. आकडा दहा मिलिसेकंदांच्या आत असेल तर डिस्क निर्दोष आहे. तो सतत विसाच्या पुढे असेल तर वापरकर्त्यांना ते जाणवत असणार, आणि पन्नास-साठ दिसत असेल तर बाकीचे शोध थांबवून आधी डिस्क बदलावी.

सर्व्हरसाठी एसएसडी घेताना दुकानातली लॅपटॉपची स्वस्त एसएसडी घेऊ नये. अचानक वीज गेल्यावर हातातले लिखाण पूर्ण करण्याची सोय, म्हणजे पॉवर-लॉस प्रोटेक्शन, असलेलीच घ्यावी. जाता जाता हेही तपासावे की मंदपणा हळूहळू वाढत गेला की एका ठरावीक दिवसापासून सुरू झाला. एका दिवसापासून सुरू झाला असेल तर रेड कंट्रोलरची, म्हणजे दोन्ही डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी पाहावी. ती संपली की कंट्रोलर सुरक्षिततेसाठी आपली लेखन-कॅशे (लिखाण तात्पुरते धरून ठेवणारी मेमरी) बंद करतो, प्रत्येक नोंद थेट डिस्कवर जाऊ लागते, आणि कालपर्यंत चांगला चालणारा सर्व्हर आज रांगायला लागतो.

प्रोसेसरबाबत एक फसगत फार वेळा होते, तिच्यावर थोडे थांबतो. आठ कोअरचा प्रोसेसर हायपरथ्रेडिंगमुळे विंडोजला सोळा प्रोसेसर म्हणून दिसतो. हिशेबाची बरीच जुनी सॉफ्टवेअरे एका वेळी एकाच कोअरवर काम करू शकतात. अशा सॉफ्टवेअरने आपला कोअर पूर्णपणे वापरला तरी टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे १०० भागिले १६, म्हणजे सुमारे सहा टक्के एवढेच दिसते. मालक म्हणतात, ‘सीपीयू तर चौऱ्याण्णव टक्के मोकळा आहे.’ प्रत्यक्षात त्या माणसापुरता तो शंभर टक्के भरलेला असतो. तपशिलाच्या यादीत एखादी प्रक्रिया सहा टक्क्यांवर गोठल्यासारखी मिनिटभर स्थिर दिसली तर हेच समजावे. अशा ठिकाणी सोळा कोअरचा नवा सर्व्हर घेऊन काही मिळत नाही, कोअर कमी पण गिगाहर्ट्झ जास्त असलेला प्रोसेसर मिळाला तर फरक दिसतो. तत्पूर्वी कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’ असल्यास ‘हाय परफॉर्मन्स’ करावा, कारण वीज वाचवण्यासाठी गती कमी ठेवणे अशा कामाला मुळीच मानवत नाही.

आता तारखांकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नातला तो सर्वांत बोलका तपशील आहे. दरमहा जीएसटीचे विवरण भरणाऱ्यांसाठी ११ तारीख विक्रीच्या बिलांच्या जीएसटीआर-१ ची आणि २० तारीख कर भरण्याच्या जीएसटीआर-३बीची. आदल्या दिवसापासून हिशेबनीस महिनाभराची बिले एकत्र करणारे मोठे अहवाल काढत बसतात, आणि नेमके त्याच वेळी काउंटरवर बिल सेव्ह होत नाही. हा योगायोग नाही. जुन्या पेढीत खतावणी एकच असे, आणि मुनीमजी ती उघडून बेरजा तपासत असतील तर बाकीच्यांना हातात लेखणी धरून उभे राहावे लागे. डेटाबेसमध्ये हेच ‘लॉक’च्या रूपाने घडते. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या पद्धतीत अहवाल वाचत असलेल्या नोंदींना काही काळ कुलूप लागते, आणि त्या नोंदी बदलू पाहणारा बिलिंगचा माणूस ते निघेपर्यंत ताटकळतो. त्या वेळी ना सीपीयू भरलेला असतो ना डिस्क, तरी काम पुढे सरकत नाही. एसक्यूएल सर्व्हर सांभाळण्याच्या मॅनेजमेंट स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधील अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ‘ब्लॉक्ड बाय’ या रकान्यात आकडे दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर त्या साखळीच्या टोकाला बहुधा एकच अहवाल आणि एकच माणूस सापडतो.

यावर खरा उपाय सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या हातात आहे. योग्य इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन शोधून देणारी सूची, घालून अकरा मिनिटांचा अहवाल चाळीस सेकंदांवर आलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्यासाठी त्या विक्रेत्याच्या मागे मला दोन महिने लागावे लागले होते. ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ नावाची सोय सुरू केली तर वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, पण ती विक्रेत्याच्या लेखी संमतीशिवाय सुरू करू नये, कारण काही सॉफ्टवेअरांचे मालसाठ्याचे गणित जुन्या पद्धतीवर बेतलेले असते. तोपर्यंतचा साधा मार्ग म्हणजे रात्रीच्या बॅकअपची प्रत त्याच सर्व्हरवर दुसऱ्या नावाने उभी करून मोठे अहवाल तिच्यावर काढणे. त्याने कुलुपांचा प्रश्न सुटतो, डिस्कवरचा भार मात्र सुटत नाही. एक्स्प्रेसची दहा जीबीची मर्यादा प्रत्येक डेटाबेसला स्वतंत्र असल्याने प्रत ठेवण्यास तिची आडकाठी नसते. जीएसटीचे पोर्टल त्या तारखांना स्वतःच मंदावते ही गोष्ट वेगळी, तिची भेसळ आपल्या मोजमापात होऊ देऊ नये.

एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. एका वितरकाकडे चौदा जण काम करत आणि सगळ्यांची तक्रार एकच होती. आकडे पाहून मला काही सापडेना, म्हणून मी शाखेत जाऊन बिल करणाऱ्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. नवे बिल उघडण्याची कळ दाबली की नऊ सेकंद कोरा पडदा, आणि एकदा खिडकी उघडली की मग टायपिंग, शोध, सेव्ह सारे झटपट. त्या ताईंच्या संगणकावर शेजारच्या टेबलावरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर शेअर करून जोडलेला होता, तो रिमोट डेस्कटॉपमधून सर्व्हरवर पोहोचत होता आणि तिथे डीफॉल्ट झाला होता. ते सॉफ्टवेअर बिलाची खिडकी उघडतानाच डीफॉल्ट प्रिंटरला कागदाचा आकार विचारत असे, आणि शेजारचा संगणक बंद असल्यामुळे उत्तराची वाट पाहत बसे. सर्व्हरवरचाच पीडीएफ प्रिंटर डीफॉल्ट केला आणि छपाईच्या वेळी खरा प्रिंटर निवडायला सांगितले. नऊ सेकंदांचे एक सेकंद झाले. त्याआधी त्या पेढीने नव्या सर्व्हरचे कोटेशन मागवलेले होते. आपल्याकडेही एका वापरकर्त्याच्या जोडणीत प्रिंटरची खूण काढून पाहावी, पाच मिनिटांचे काम आहे.

जोडणीविषयी एवढेच सांगतो की शाखेतला ‘शंभर एमबीपीएस’ हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. बिलिंगच्या साध्या पडद्यांना फार थोडी गती पुरते. त्यांना हवा असतो कमी आणि स्थिर प्रतिसादवेळ. कराडहून सांगलीला पिंग, म्हणजे पाठवलेल्या संदेशाचे उत्तर परत येण्याचा वेळ, वीस-तीस मिलिसेकंद स्थिर येत असेल तर उत्तम. तो मधूनच तीनशेवर उडत असेल किंवा पाकिटे हरवत असतील तर अक्षरे उशिराच उमटणार. शाखेच्या दृष्टीने जे डाउनलोड असते ते मुख्य कार्यालयाच्या दृष्टीने अपलोड असते, हे पुष्कळ जण विसरतात. मुख्य कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण किंवा बॅकअप दुपारी क्लाउडवर चढत असेल तर तिन्ही शाखा एकदम अडतात.

सामायिक सर्व्हरवर वावरण्याचे काही नियमही लावावे लागतील. ब्राउझर सर्व्हरवर वापरू नये, ज्याने त्याने आपल्या संगणकावर वापरावा. पाच-सहा टॅब उघडले की माणशी एक जीबी सहज जाते, आणि ग्राफिक्स कार्ड नसल्याने हलणारी प्रत्येक जाहिरात सर्व्हरच्या प्रोसेसरलाच रंगवावी लागते. नुसती खिडकी बंद करून घरी गेलेल्यांची सेशने दोन तासांनी आपोआप संपतील अशी मर्यादा ग्रुप पॉलिसीत घालावी, मात्र अर्धवट बिल त्यात नाहीसे होईल याची पूर्वसूचना सर्वांना द्यावी. अँटिव्हायरस बंद करू नये, डेटाबेसच्या फाइलींपुरता त्याला अपवाद घालून द्यावा. आणि ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट, म्हणजे त्याचे प्रवेशद्वार, राउटरवरून थेट इंटरनेटला उघडे ठेवलेले असेल तर ते आजच बंद करून शाखांना व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) द्यावे. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी हजारोंनी दिसल्या तर जगभरातून कोणीतरी आपले पासवर्ड चाचपत आहे असे समजावे. त्या धडकांनी लॉगिन मंदावते ते वेगळेच, पण खंडणीखोर व्हायरसचा हा राजमार्ग आहे.

क्लाउडबद्दल माझे मत सावध आहे. सांगलीत वीज किंवा इंटरनेट वारंवार जात असेल तर मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये जाण्यात अर्थ आहे. पण गेलात तर सॉफ्टवेअर आणि डेटाबेस दोन्ही एकत्र न्यावेत. डेटाबेस क्लाउडवर आणि सॉफ्टवेअर शाखेच्या संगणकावर अशी फाळणी केली तर काय होते ते पाहा. एक खिडकी उघडताना सॉफ्टवेअर दोन हजार छोटे प्रश्न एकामागून एक विचारत असेल आणि प्रत्येकाला वीस मिलिसेकंद लागत असतील, तर चाळीस सेकंद नुसत्या येरझाऱ्यांत जातात. दुसरे असे की स्वस्त योजनांतील काही यंत्रे ‘बर्स्ट’ पद्धतीची असतात. साठवलेली पुंजी असेपर्यंत ती वेगाने धावतात आणि पुंजी संपली की ठरलेल्या किमान गतीवर येतात. अॅमेझॉनच्या क्लाउडवरील जीपी२ प्रकारच्या शंभर जीबी डिस्कला सेकंदाला तीनशे वाचन-लेखनांचीच हमी असते, तीन हजारांची उडी पुंजीवर चालते, आणि ती पुंजी पूर्ण वेगाने वापरल्यास अर्ध्या तासाच्या आसपास संपते. सकाळी छान आणि दुपारी मंद, हे आपलेच दुखणे मग महिन्याच्या भाड्याने विकत घेतल्यासारखे होईल.

म्हणून येत्या ११ तारखेपूर्वी प्रिंटर, पॉवर प्लॅन, डेटाबेसची आवृत्ती आणि उघडे पोर्ट एवढे पाहून घ्यावे. त्यानंतर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्कचे दोन काउंटर, मोकळी मेमरी, प्रत्येक प्रोसेसरचा वापर आणि इनपुट डिले हे दर पंधरा सेकंदांनी नोंदवणारा संच तयार करून तो एका साध्या दिवशी आणि ११ तारखेला, सकाळी दहा ते दोन, चालू ठेवावा. त्या दिवशी दुपारी बाराला अॅक्टिव्हिटी मॉनिटरचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. डिस्कचे आकडे विसाच्या पुढे दिसले तर फक्त एसएसडी घ्यावी. ‘ब्लॉक्ड बाय’ भरलेला दिसला तर ते छायाचित्र सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला पाठवावे. डिस्क दहाच्या आत, कुलुपांचा रकाना रिकामा, मेमरी मोकळी आणि तरीही इनपुट डिले शेकड्यांत असेल, तर नवा सर्व्हर घ्यावा, आणि त्याच्या कोटेशनमध्ये कोअरच्या संख्येआधी गिगाहर्ट्झचा आकडा विचारावा.